आंधळी मोरी

मोरी साफ करायची म्हणजे आधी तिच्यावर कढत पाणी ओतावं लागतं. या मासळीला खवले नसतात, वाळूसारखी खर असते, उलटा हात फिरवला तर सालटं निघतं. कढत पाण्याने ती खर सुटली की चुलीतली राख घेऊन नारळाच्या शेंडीने घासायची, आतलं मऊ पांढरं अंग दिसेपर्यंत. हे काम कोणाला आवडत नाही, कारण मोरी जरा शिळी झाली की मुतासारखा वास मारते. माझी बायको हिरा मोरी करायची तेव्हा तो वास कुठे जायचा ते मला कधी कळलं नाही. भरपूर ठेचलेला लसूण, चिंच, घरचा मसाला, बरोबर तांदळाची भाकरी. हिरा गेली त्याला आता दुसरा पावसाळा लागेल. सून मोरी करते, मी खातो आणि काही बोलत नाही. पण थोडी खर राहून जाते, दाताखाली येते.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो. माझं अक्षर मोठं आहे, त्यामुळे वही लवकर संपते. नातू म्हणाला, आजोबा, मोबाइलसमोर बोला, तो आपोआप लिहून घेतो. मी म्हटलं, ही गोष्ट मोठ्याने बोलायची नाही. हिराच्या दिवसांना जे जे आले त्यांनी आमच्या संसाराचं कौतुक केलं. त्यांना काय ठाऊक, त्या संसाराच्या मधोमध सगळा जन्म एक माणूस बसलेला होता. माझ्या काकाचा मुलगा काशिनाथ. आम्ही त्याला काश्या म्हणायचो. मी त्याला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. जे केलं ते त्याला मरेपर्यंत कळलं नाही, आणि मी चांगला माणूस म्हणून म्हातारा झालो.

आमचं घर पनवेलच्या बंदरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, खाडीच्या कडेला होतं. आता तिथे उभं राहून खाडी दिसत नाही, भिंत दिसते. माझे बाबा आणि काका एकाच छपराखाली राहायचे, चूल एक. काका मिठागरावर असायचे, त्यामुळे घरात मिठाला तोटा नव्हता, पोती दाराशी पडलेली असायची. बाबांची डोल होती. डोल म्हणजे खाडीत खुंटांना बांधलेलं लांब पिशवीसारखं जाळं, ओहोटीचं पाणी त्यातून जातं आणि मासळी शेपटाकडे जमते. ओहोट लागला की घरामागच्या चिखलात निवट्या, बोटाएवढी मासळी, उड्या मारायच्या, त्यांचा पट पट आवाज स्वयंपाकघरात ऐकू यायचा. आई आणि काकी त्या आवाजावर वेळ ओळखायच्या. आता माझ्या उशाशी घड्याळ आहे, त्याच्याकडे बघून मला काही कळत नाही.

काश्या माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठा. तो पहिल्यापासून पुढे आणि मी मागे. तो सातवी शिकला. त्याने पाग फेकलं की ते जाळं थाळीसारखं गोल पडायचं, माझं पडायचं ते चिंचेच्या आकड्यासारखं. काकी दोघांना सारखं वाढायची, तरी मी त्याच्या ताटाकडे बघून घ्यायचो. दिसायला तो बरा होता, हे मला आज लिहावं लागतंय. आणि आमच्या शेजारची हिरा, जी आईबरोबर पनवेलच्या बाजारात टोपली घेऊन जायची, ती येता-जाता त्याच्याशी थट्टा करायची. माझ्याशी पण करायची. पण त्याच्याशी करताना ती थांबायची, माझ्याशी चालता चालता करायची. एवढा फरक मला पुरे होता.

मी अठरा-एकोणीस वर्षांचा असेन तेव्हा मुंबईचा एक कालेजातला सर आमच्या बंदरावर यायला लागला. एसटीने यायचा, अर्धी खाकी चड्डी, डोक्याला टोपी, आणि गवतात गुंडाळलेल्या काचेच्या बरण्या. बरणीत औषधाचं पाणी, त्यात मासे. बायका पोट धरून हसायच्या. हिराची आई तर तोंडावर बोलली, "सर, आमी खातो, तुमी काय लोनचं घालता?" सर रागावला नाही. म्हणाला, "आजी, लोणचंच समजा. फक्त आम्ही ते चाखत नाही." आजी म्हटल्यावर ती महिनाभर त्याला बघून तोंड फिरवायची, तिला तेव्हा एक केस पांढरा नव्हता.

एके दिवशी सर आमच्या ओट्यावर बसला आणि त्याने बाबांना विचारलं, इथे एखादी अशी मोरी मिळते का, जिचे डोळे अगदी बारीक असतात, जी समुद्रात न राहता नदीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात राहते. बाबा म्हणाले, "आंधळी मोरी. हाय की. पन लय कमी. माज्या जन्मात दोन बगितल्या." सर एकदम ताठ बसला. नाव परत विचारलं आणि इकडे तिकडे बघून वही काश्याच्या हातात दिली, "तुला लिहिता येतं ना? लिही." काश्याने लिहिलं. मी शेजारी बसलो होतो. मला लिहिता येतं का हे कोणी विचारलं नाही, आणि विचारलं नाही ते बरंच झालं.

मग सरने खिशातून रुमाल काढला, त्यात एक दात होता. अंगठ्याच्या नखाएवढा, काळा, हातात घेतला तर दगड. तो म्हणाला, "हा त्या मोरीच्या गोतातल्या एका माशाचा दात. गुजरातेकडच्या मातीत सापडला. तो मासा आता जगात कुठेच नाही, लाखो वर्षांपूर्वी संपला. त्याचा सगळा गोतावळा गेला आणि दोन-चार जाती गढूळ पाण्यात लपून राहिल्या. गंगेत एक आहे म्हणतात, ती सुद्धा फार थोड्या लोकांनी पाहिली आहे. इकडच्या किनाऱ्यावर तर कोणी दाखवलीच नाही अजून." ओळख पण सांगितली. डोळे मुगाएवढे, वरच्या जबड्याचे दात रुंद, करवतीच्या काठाचे, आणि खालचे अरुंद, भाल्याच्या टोकासारखे. हे सगळं सांगताना त्याने तो दगडी दात काश्याच्या तळहातावर ठेवला होता. काश्याने मूठ मिटली, उघडली, परत दिला. माझ्या हातात तो आलाच नाही. मी हात पुढे केला होता, पण सर रुमालाची घडी घालत होता. आज एवढ्या वर्षांनी तो दात मला ताज्या जखमेसारखा आठवतो, माझ्या हातात कधी आलाच नाही म्हणून.

जाताना सर काश्याला म्हणाला, "अशी एक मोरी अख्खी मिळाली तर कापू नकोस. मिठात घाल आणि मला पत्र टाक. आमच्याकडे बरण्यांच्या खोलीवर माणूस हवा आहे. मासे ओळखणारा, लिहिता येणारा. मी तुझं नाव घालीन." काकीने त्या संध्याकाळी गोड घावन केले. मोरी मिळायची होती, नोकरी व्हायची होती, पण घावन झाले. मी तीन खाल्ले आणि पोट दुखतं म्हणून पडून राहिलो.

त्यानंतर मी डोलीवर जीव टाकला. माझी पाळी असो नसो, प्रत्येक ओहोटीला मी होडी काढायचो. मी मोरी पकडणार आणि सरसमोर टाकून म्हणणार, हे घ्या, याला लिहिता येत नाही. बोयटं आली, कोळंबी आली, एक जिताडा आला, मोरी नाही. बाबा खूष होते, पोरगा कामाला लागला म्हणून.

आणि एका बाजाराच्या दिवशी हिराच्या आईला ताप आला. हिराला दोन टोपल्या एकटीने नेता येईनात. ती आमच्या दारात येऊन म्हणाली, "कोन येतंस का पनवेलपातूर?" काश्या उठत होता. मी त्याच्या आधी उठलो. पाळी माझी होती, मी काश्याला म्हटलं, "आज डोल तू बग." सगळ्या वाटेने मी डोक्यावर टोपली घेऊन तिच्या मागे चाललो. मासळीचं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि मला वाटत होतं, आज मी जिंकलो. हिरा मध्येच म्हणाली, "तू बोलत का नाय? काश्या आस्ता तर डोकं उठवलं आस्तं." मी म्हटलं, "मग त्यालाच आनायचा होता." ती म्हणाली, "तू उटलास आदी, मी काय करू." आणि हसली. तेवढ्यावर मी परत येईपर्यंत तरंगत होतो.

परत आलो तर ओट्यावर अर्धं गाव. मधे केळीच्या पानावर मोरी. दोन हात लांब, पाठीला राखेसारखी, पोटाला पांढरी, आणि डोळे खरंच मुगाएवढे. माझ्या पाळीची, माझ्या डोलीतली. काश्या मला बघून हसत धावत आला, "धर्मा, गावली रे." त्याच्या मनात काही नव्हतं. तेच मला सहन झालं नाही.

इथे एक रीत सांगायला पाहिजे. आमच्याकडे बाळंतिणीला मोरी देतात, दूध येतं म्हणून. आणि गावात कोणाकडेही मोरी आली आणि बाळंतिणीने स्वतःच्या तोंडाने मागितली तर नाही म्हणायचं नाही. कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको, बाळंत होऊन दहा दिवस झाले होते. पहिले काही दिवस दूध कमी होतं, पोर रडायचं. पण मेथी आणि सुक्या मोरीवर ते मार्गी लागलं होतं. हे मला माहीत होतं, कारण दोन दिवस घरात पोराचं रडणं नव्हतं.

मी बाळंतिणीच्या खोलीच्या दारात गेलो. म्हटलं, "वयनी, घरात ताजी मोरी आलीय. माग ना."

वहिनी म्हणाली, "ती काशिभावजींनी सरसाठी ठेवलीय ना?"

"सर काय पोराला दूध पाजनार हाय? आता बरं हाय, पुना आटलं तर?"

बाळंतीण ती, पोराच्या नावाने घाबरली. तिने हाक मारून काकीला बोलावलं आणि मागितली.

काकी बाहेर आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं. ती कोणाकडे न बघता म्हणाली, "काशी, वयनीनं मोरी मागितलीय." बाबा म्हणाले, "पोरा, दुसरी गावंल." काश्याने एकदा मोरीकडे बघितलं आणि उठून कोयता आणला. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मान कापताना मला म्हणाला, "धर्मा, शेपूट धर." मी धरलं. ती खर माझ्या तळव्याला लागत होती. मुंडकं त्याने वेगळं ठेवलं. रीत मांसाची होती, मुंडक्याला कोणी विचारत नाही. "सर बोललेला, दातांवरनं वळखू येतं," तो म्हणाला. एका गाडग्यात मीठ, त्यात मुंडकं, वर मीठ, वर परात, परातीवर दगड. दुसऱ्या दिवशी पनवेलला जाऊन पत्र टाकून आला आणि शीळ घालत घरात शिरला. कापली त्या रात्री मोरीचं कालवण सगळ्यांच्या ताटात थोडं थोडं आलं होतं. मी खाल्लं. चांगलं झालं होतं.

मांस कापायला लावलं त्याला निमित्त होतं. आजपर्यंत कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, पोरासाठी केलं. पुढचं जे केलं त्याला निमित्त नाही. पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी, घरात सगळी आडवी झालेली असताना, मी परात सरकवली आणि मुंडकं काढलं. परात मुद्दाम खाली पाडून ठेवली. खाडीवर माझा चिंबोऱ्यांचा पिंजरा होता. त्यात मासळीचं मुंडकं बांधून पाण्यात सोडायचं, चिंबोऱ्या खायला येतात आणि अडकतात. मी तारेने मुंडकं बांधत होतो तेव्हा बांधावरून आवाज आला.

"कंचं मुंडकं रं ते?" हिरा होती, कपडे धुवायला आलेली.

"शिंगाळ्याचं."

तिने थोडं थांबून बघितलं. "बरं," म्हणाली आणि कपडे आपटायला लागली. माझ्यासाठी ती पहिल्यांदा थांबली ती तेव्हा.

संध्याकाळी पिंजरा ओढला तर पाच चिंबोऱ्या होत्या आणि तारेला काही नव्हतं. खाल्लं, वाहून गेलं, मी सुटलो. घरी काश्याने काळ्याला, आमच्या कुत्र्याला, काठीने मारून हाकललं होतं. कुत्रं लंगडत आलं आणि माझ्याच पायाशी बसलं. मी त्याला चिंबोरीचा नांगा टाकला.

सर रविवारी आला. काश्याने सगळं खरं सांगितलं, वहिनीचं पण, कुत्र्याचं पण. दात कसे होते ते वहीत चित्र काढून दाखवलं. सरने चित्र खूप वेळ बघितलं. म्हणाला, "तीच होती. माझा तुझ्यावर विश्वास आहे रे. पण मी वर काय दाखवू? नुसत्या बोलण्यावर ना ती मोरी धरतील, ना तुला." चहा न घेता गेला. आणखी दोन-तीनदा आला, मग नाही आला. दुसरी मोरी मिळाली नाही. बाबांना त्यांच्या जन्मात तीन दिसल्या, मला एकच, आणि आमच्या नातवंडांना ती सुद्धा सरच्या दगडी दातासारखीच, नुसती ऐकायची.

काश्या गावातच राहिला. डोल, मग शेती, मग सरकारने शेती घेतल्यावर जे झालं ते. थोरल्या भावाने हिराच्या बापाकडे माझ्यासाठी शब्द टाकला आणि हिरा माझी झाली. काश्याने उरणकडची केली. माझ्या लग्नात सगळ्यात जास्त तोच नाचला. लग्नाआधी हिरा मला तू म्हणायची, नंतर तुमी म्हणायला लागली. काश्याला भावजी. ती भावजी कसं म्हणते ते मी कान देऊन ऐकायचो. तो आमच्याकडे जेवायला आला तर त्याच्या वाटीत किती तुकडे पडले ते बघायचो. तो वारला तेव्हा हिरा किती रडते त्यावर माझी नजर होती. एवढा हलकटपणा मी केला आणि तिला वाटायचं, भाऊ गेला म्हणून गप्प आहे.

हिरा आजारी पडली, शेवटी अंथरुणाला लागली. एका दुपारी मला म्हणाली, "माजा सुपारीचा डबा आना." तो पत्र्याचा डबा मी सगळा जन्म बघत आलो होतो. तिने खालचा कागद उचलला. कागदाखाली हाडासारखं काही होतं, मोरीचा खालचा जबडा, वाकडा, वाळलेला, हिराच्या तळहातात मावेल एवढा. दात अरुंद, भाल्याच्या टोकासारखे. मी ओळखलं.

"तुज्या पिंजऱ्यातनं काडला," ती म्हणाली. लग्नानंतर पहिल्यांदा मला तू म्हणाली. "कपडे धुतले आनि तू गेल्यावर पानी उतरलेलं, तवा."

"मग काश्याला का नाय दिलास?"

"दिला आस्ता तर तो गेला आस्ता मुंबईला."

मी डबा बंद करून ठेवला आणि बाहेर गॅलरीत जाऊन बसलो. म्हणजे मला जन्मभर वाटत होतं ते खरं. तिला तो जायला नको होता. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. औषध दिलं, पाणी दिलं, तोंड पुसलं, बोललो नाही. ती डोळ्यांनी माझ्या मागे फिरत होती. तिच्याकडे राहिलेले दिवस बोटांवर मोजण्याएवढे होते आणि त्यातले दोन मी मेलेल्या माणसावर जळण्यात घालवले.

तिसऱ्या दिवशी तिनेच काढलं. "आजून जळतंस?" मी औषधाची बाटली उचलली. "येडा हायस. तो गेला आस्ता तर त्याच्या पाटनं तू गेला आस्तास. त्याला जे गावंल ते तुला पायजे आसायचं. आनि मी जबडा दिला आस्ता तर कुठं गावला ते सांगायला लागलं आस्तं का नाय?"

मी म्हटलं, "मग आदी का नाय बोललीस?"

"बोलले आस्ते तर तू माज्यासमोर मान वर केली नसतीस. मना नवरा पायजे होता, चोर नाय."

ती खरं बोलली, की मला बरं वाटावं म्हणून बोलली, हे मी रोज ठरवतो. सकाळी एक ठरतं, जेवल्यावर दुसरं. विचारायला ती नाही.

गेल्या महिन्यात मी डबा पिशवीत घालून रिक्षाने विचुंब्याला गेलो. काश्याचा मुलगा अनंत तिथे राहतो. म्हटलं, त्याच्या बापाचं आहे, त्याला द्यावं, सगळं सांगावं. दार अनंतने उघडलं. आता साठीचा झालाय आणि हुबेहूब काश्या. हसत म्हणाला, "काका, आज इकडं कसे?" त्याने चहा दिला, बिस्किटं दिली. मी डब्यावर हात ठेवून बसलो होतो. त्याचं ते हसणं बघून माझी बोटं उघडेनात. चहा पिऊन परत आलो.

म्हणून हे वहीत लिहिलं. वही मी अनंतकडे पाठवणार आहे, नातवाबरोबर. त्याने वाचावी आणि घ्यायला यावं. जबडा त्याच्या बापाचा आहे, तो मी काढून कागदात बांधून ठेवलाय. डबा हिराचा आहे. डबा मी देणार नाही.